मैदानाची राणी, परक्या घरची कामवाली

मैत्रिणींनो, आज ज्या बाईबद्दल लिहिते आहे, तिचं नाव तुमच्यापैकी फार थोड्या जणींनी ऐकलं असेल. ओरा वॉशिंग्टन. पण १९३०च्या आसपास अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या वस्त्यांमध्ये तिचं नाव घरोघरी ठाऊक होतं. त्यांच्या वर्तमानपत्रांत तिच्या सामन्यांच्या बातम्या ठळक छापून यायच्या. उन्हाळ्यात टेनिस आणि हिवाळ्यात बास्केटबॉल, दोन्हींत ती अव्वल! बास्केटबॉल तर ती पैसे घेऊन खेळायची. बायकांनी खेळण्याचे पैसे घ्यायचे, ही कल्पनाच तेव्हा नवी होती.

आणि एवढी नावाजलेली ही बाई पोटासाठी काय करायची? लोकांच्या घरी झाडलोट, धुणी-भांडी आणि स्वयंपाक. आयुष्यभर.

मी आमच्या गावात घरकाम करणाऱ्या बायकांसोबत थोडंफार काम करते. त्यामुळे ओराची गोष्ट पहिल्यांदा वाचली, तेव्हा तिच्या करंडकांआधी माझी नजर तिच्या हातांकडे गेली. सकाळी दुसऱ्याची फरशी पुसणारे हात संध्याकाळी रॅकेट धरत होते, चेंडू जाळीत टाकत होते. हे तिनं जमवलं कसं? आणि एवढं करून ती विसरली कशी गेली? आज या दोन प्रश्नांच्या मागे जाऊ या.

जन्मतारीख नसलेली मुलगी

ओराचा जन्म अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातला. कॅरोलाइन काउंटी नावाचा ग्रामीण भाग आणि त्यातली फाइल नावाची छोटी वस्ती. साल १८९८च्या सुमाराचं. ‘सुमाराचं’ म्हणते, कारण १८९६ ते १९१२ या काळात व्हर्जिनियात जन्माची सरकारी नोंदच होत नव्हती. आपल्याकडे नाही का, जुन्या पिढीतल्या कित्येकांची जन्मतारीख शाळेत गुरुजींनी १ जून टाकलेली असते, तसंच काहीसं. ओराच्या आयुष्यात नोंद नसण्याची गोष्ट जन्मापासूनच सुरू होते, एवढं लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा येणार आहे.

शेतीवर राबणारं मोठं कुटुंब. नऊ भावंडं, त्यातली ही पाचवी. गुलामगिरी १८६५ साली कायद्यानं संपली होती, पण गोरे आणि काळे यांच्यातली भिंत काही पडली नव्हती. शाळा वेगळ्या, आगगाडीचे डबे वेगळे. १८९६ साली तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानंच या वेगळेपणावर शिक्कामोर्तब केलं. १९०२ साली व्हर्जिनियानं नवी राज्यघटना आणली आणि बहुतेक काळ्या पुरुषांचा मतदानाचा हक्कही काढून घेतला. बायकांना तर तो मुळात नव्हताच.

१९०८ साली बाळंतपणात ओराची आई गेली. ओरा तेव्हा दहा वर्षांची असेल-नसेल. आई गेलेल्या घरातल्या मुलींचं बालपण किती लवकर संपतं, ते मी तुम्हाला काय सांगायचं? चूल, पाणी आणि धाकटी भावंडं, सगळं त्यांच्याच अंगावर येतं.

त्या काळात दक्षिणेकडची काळी माणसं गाव सोडून उत्तरेकडच्या शहरांत जायला लागली होती. १९१६च्या आसपास या लोंढ्याला जोर आला आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत साठ लाखांच्या आसपास माणसं अशी गावाबाहेर पडली. ओराच्या नात्यातली एक बाई आधीच फिलाडेल्फियाला गेली होती. विशीच्या आतच ओराही तिकडे गेली आणि जर्मनटाउन नावाच्या भागात राहायला लागली. काळ्या मुलीला शहरात पटकन मिळेल असं काम एकच, गोऱ्यांच्या घरचं घरकाम. १९२०च्या जनगणनेत ओराची नोंद मालकाच्याच घरी राहणारी नोकर अशी आहे. सरकारी कागदावर तिची पहिली ओळख ही!

दुःखावरचा उपाय

जर्मनटाउनमध्ये वायडब्ल्यूसीए या महिलांच्या संस्थेची काळ्या बायकांसाठी वेगळी शाखा होती. नोकरीसाठी गावाहून आलेल्या मुलींना तिथे चार मैत्रिणी भेटायच्या, काही शिकायला मिळायचं आणि खेळायलाही मिळायचं. ओराची एक बहीण वारली आणि ती फार खचली. मन कशात तरी गुंतावं म्हणून तिथल्या शिक्षकांनी तिला खेळायला सुचवलं आणि तिच्या हातात रॅकेट आली, असं सांगतात.

साल होतं १९२४. ओरा पंचविशीच्या पुढे गेलेली. आज टेनिसपटूंना पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून तयार करतात. या बाईनं पंचविशीनंतर, घरकामातून वेळ काढून सुरुवात केली आणि त्याच वर्षापासून सामने जिंकायला लागली! १९२५ साली लुलू बॅलार्ड या जोडीदारणीबरोबर ती राष्ट्रीय दुहेरीची विजेती झाली.

राष्ट्रीय म्हणजे कोणतं राष्ट्रीय, तेही सांगते. अमेरिकेच्या मुख्य टेनिस संघटनेच्या स्पर्धांत काळ्या खेळाडूंना प्रवेश नव्हता. म्हणून काळ्या समाजातल्या टेनिसप्रेमींनी १९१६ साली स्वतःची अमेरिकन टेनिस असोसिएशन काढली आणि १९१७ पासून स्वतःच्या राष्ट्रीय स्पर्धा सुरू केल्या. या स्पर्धा बरेचदा काळ्या मुलांच्या कॉलेजांच्या आवारात व्हायच्या. खेळाडू वसतिगृहात उतरायचे, संध्याकाळी गाणी-नाच व्हायचे. आपल्याकडच्या जत्रेसारखं वातावरण! डॉक्टर, वकील, शिक्षक अशी समाजातली शिकलीसवरली मंडळी तिथे जमायची. त्यांच्यात ही एक घरकाम करणारी.

आणि तिनं काय करावं? १९२९ साली एकेरीचं राष्ट्रीय विजेतेपद जिंकलं आणि १९३५ पर्यंत सलग सात वर्षं कोणाच्या हाती लागू दिलं नाही. १९३६ साली तिची दुहेरीतली जोडीदारीण लुलू बॅलार्डच एकेरीत विजेती झाली. १९३७ साली ओरानं ते पद परत मिळवलं. एकेरीची एकूण आठ. दुहेरीत १९२५ ते १९३६, म्हणजे ओळीनं बारा वर्षं तीच विजेती. शिवाय मिश्र दुहेरीची तीन. बेरीज केली तर तेवीस राष्ट्रीय विजेतेपदं!

तिची खेळण्याची तऱ्हाही न्यारी होती. रॅकेट मुठीच्या टोकाशी धरायची सोडून ती बरीच वर, मध्यावर धरायची. हात मागे नेऊन लांबलचक फटका मारणं तिला माहीत नव्हतं. चेंडू कापून टाकायची आणि प्रतिस्पर्ध्याला कोर्टभर पळवायची. सामन्याआधी सराव करून अंग मोकळं करायचा रिवाज असतो, तोही तिला पटत नसे. खेळता खेळताच अंग मोकळं होतं, असं तिचं मत होतं. मला वाटतं, पहाटेपासून राबलेल्या अंगाला वेगळं मोकळं करायची गरजच काय?

हिवाळ्यातला खेळ

आता बास्केटबॉलकडे येते, कारण तिच्या गोष्टीतला सगळ्यात वेगळा भाग तोच आहे.

हा खेळ १८९१ साली अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ या शिक्षकानं शोधला. थंडीत मुलांना बंद खोलीत खेळता यावं, हा हेतू. फळांच्या टोपल्या उंच टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकायला लावला. पुढच्याच वर्षी सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेनं स्मिथ कॉलेजात मुलींना हा खेळ शिकवला. पण मुलींसाठी नियम वेगळे झाले. मैदानाचे भाग पाडले आणि आपला भाग सोडून कोणी जायचं नाही, असं ठरलं. चेंडू आपटत नेण्यावर मर्यादा घातली. कारण काय, तर बायकांच्या नाजूक प्रकृतीला फार धावपळ सोसणार नाही! त्याच काळात लाखो बायका शेतात, गिरणीत आणि लोकांच्या स्वयंपाकघरात दिवसभर राबत होत्या. त्यांच्या प्रकृतीची काळजी मात्र कोणाला पडलेली नव्हती.

पुढे १९२३ साली अमेरिकेतल्या सुशिक्षित गोऱ्या बायकांनी मुलींच्या खेळांसाठी एक राष्ट्रीय पातळीवरचा विभाग काढला. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी झालेल्या लू हेन्री हूवर त्याच्या पुढारी होत्या. मुलींनी खेळावं, पण चढाओढ, तिकीट लावलेले सामने आणि दौरे नकोत, असं या बायकांचं म्हणणं. हेतू वाईट नव्हता, मुलींचा बाजार मांडला जाऊ नये ही कळकळ होती. पण परिणाम असा झाला की, बऱ्याच कॉलेजांनी मुलींचे सामनेच बंद केले.

काळ्या वस्त्यांमध्ये हे वारं एवढं लागलं नाही. तिथे बास्केटबॉलचा सामना म्हणजे शनिवार-रविवारची करमणूक होती. नाचाच्या मोठ्या हॉलमध्येच टोपल्या लावायच्या, सामना व्हायचा आणि तो संपला की बँड सुरू. एकाच तिकिटात दोन्ही! अशा ठिकाणी बायकांच्या संघांनाही गर्दी व्हायची.

वायडब्ल्यूसीएच्या छायेत जर्मनटाउन हॉर्नेट्स नावाचा मुलींचा संघ तयार झाला. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. १९३०-३१च्या हंगामात ओरा या संघात होती आणि संघानं २२ सामने जिंकून फक्त एक गमावला. काळ्या बायकांच्या संघांत तो राष्ट्रीय विजेता मानला गेला. मग संघ संस्थेपासून वेगळा झाला आणि धंदेवाईक म्हणून खेळायला लागला. ‘धंदेवाईक’ हा शब्द आपल्याकडे बायकांच्या बाबतीत कानाला बरा लागत नाही. पण अर्थ साधा आहे. खेळल्याचे पैसे घ्यायचे.

त्याच शहरात ‘फिलाडेल्फिया ट्रिब्यून’ नावाचं काळ्या लोकांचं वर्तमानपत्र होतं. १८८४ साली सुरू झालेलं. त्यांनीही मुलींचा संघ काढला. वर्तमानपत्राच्या वितरणाचं काम बघणारे ओटो ब्रिग्ज हे स्वतः जुने बेसबॉल खेळाडू, त्यांनी हा संघ सांभाळला. टेम्पल विद्यापीठात शिकलेली अष्टपैलू खेळाडू इनेझ पॅटरसन या संघाची पुढारी. १९३२ साली ट्रिब्यून आणि हॉर्नेट्स यांच्यात पाच सामन्यांची मालिका झाली. ती ट्रिब्यूननं जिंकली. त्यानंतर ओराच ट्रिब्यूनच्या संघात गेली आणि मग या संघाला अडवणारं कोणी राहिलं नाही. काळ्या बायकांच्या बास्केटबॉलची सलग अकरा जागतिक विजेतेपदं या संघाच्या नावावर सांगितली जातात.

ओरा मध्यभागी खेळायची. उंच, हाडापेरानं मजबूत आणि धसमुसळी. तिला अडवायला उभं राहायचं म्हणजे अंगावर काळे-निळे वळ घेऊन घरी जायची तयारी ठेवायची. ट्रिब्यूनच्या मुली बायकांच्या नियमांनी खेळायच्या आणि समोरचा संघ म्हणेल तर पुरुषांच्या नियमांनीही खेळायच्या. पूर्ण मैदानभर धावायचं. नाजूक प्रकृतीचं काय झालं, कोण जाणे!

ग्रीन्सबरोचे तीन सामने

हा संघ दौऱ्यावर जायचा, थेट दक्षिणेपर्यंत. आता हे दौरे कसे असतील, याचा विचार करा. काळ्या माणसाला रस्त्यावरच्या गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळायची नाही, खानावळीत टेबल मिळायचं नाही. अनोळखी गावात आपल्याच समाजातल्या कोणाच्या तरी घरी उतरायचं. सामने झाले की या मुली त्या गावच्या पोरींना खेळाचे धडे द्यायच्या. आज ज्याला आपण प्रशिक्षण शिबिर म्हणतो तेच.

१९३४च्या मार्च महिन्यात ट्रिब्यूनचा संघ नॉर्थ कॅरोलायना राज्यातल्या ग्रीन्सबरो गावी गेला. तिथे बेनेट कॉलेज हे काळ्या मुलींचं नावाजलेलं कॉलेज. तिथल्या मुलींना अभ्यासाबरोबर वागण्या-बोलण्याचीही शिस्त लावली जाई. पण बास्केटबॉलमध्ये त्या कच्च्या नव्हत्या, त्यांचा संघ कॉलेजांमध्ये तगडा मानला जायचा. तीन सामने ठरले. पहिला सामना तर एरवी गोऱ्यांच्या वापरात असलेल्या मोठ्या स्पोर्ट्स अरेनात झाला. हजाराहून अधिक लोक बघायला आले.

एका बाजूला उद्याच्या शिक्षिका, कॉलेजच्या लेकी. दुसऱ्या बाजूला ओरासारख्या कष्टकरी बायका. तिन्ही सामने ट्रिब्यूननं जिंकले. बेनेटच्या मुलींना तिचा दणका म्हातारपणीही आठवत होता.

मला हा प्रसंग फार आवडतो. कोणत्या मुलींचं आयुष्य जास्त चांगलं, असं मला म्हणायचं नाही. दोघींनाही वर्णाची भिंत तीच होती. पण मैदानात पदवी विचारत नाहीत, तिथे कामवाली कॉलेजच्या मुलींच्या तोडीस तोड उभी राहते. मैदान सोडलं की मात्र दोघींच्या वाटा वेगळ्या. बेनेटची मुलगी वर्गावर शिकवायला जाणार आणि ओरा पुन्हा भांड्यांकडे.

पैशाचं गणित

मग ओराला पैसे किती मिळत होते? घर चालेल एवढे कधीच नाही. टेनिस हौशी खेळाडूंचं, त्यात बक्षीस म्हणजे चांदीचे करंडक. करंडक काही दळणाला देता येत नाही! बास्केटबॉलमध्ये तिकिटाच्या पैशातला वाटा मिळायचा, पण हे सगळं घडलं ते १९२९ नंतरच्या महामंदीत. लोकांच्याच खिशात पैसे नव्हते. त्यामुळे दोन खेळांची विजेती असूनही तिनं घरकाम सोडलं नाही. सोडणं परवडणारंच नव्हतं.

त्यात कायद्याचीही साथ नव्हती. १९३५ साली अमेरिकेत सामाजिक सुरक्षा कायदा आला. म्हातारपणी पेन्शन, काम गेलं तर मदत, फार मोठी गोष्ट. पण त्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. नेमकी काळी माणसं जी कामं करत होती, तीच! १९३८ साली किमान वेतनाचा कायदा आला, त्यातही घरकामगार नव्हत्या. पेन्शनच्या कायद्यात नियमित काम करणाऱ्या घरकामगारांना जागा मिळायला १९५० साल उजाडावं लागलं. आपल्या महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली. घरात केलेलं काम हे काम नव्हेच, ही समजूत कुठल्या एका देशाची नाही.

बंद दरवाजे

ओरा जिंकत होती त्याच काळात अमेरिकेत आणखी एक टेनिससम्राज्ञी होती, हेलन विल्स. डॉक्टरांची मुलगी, कॅलिफोर्नियात शिकलेली, गोरी. तिनं १९२७ ते १९३८ या काळात विम्बल्डन आठ वेळा जिंकलं. ओरानं १९२९ ते १९३७ या काळात आपली राष्ट्रीय स्पर्धा आठ वेळा जिंकली. आठ आणि आठ! दोघी एकाच देशात, एकाच काळात. पण दोघींचा सामना कधीच झाला नाही. व्हायला हवा होता, अशी ओराच्या चाहत्यांची फार इच्छा होती. कोण जिंकलं असतं, ते सांगता येणार नाही. कदाचित हेलनच जिंकली असती. पण हरायची संधी मिळणं हासुद्धा हक्कच आहे आणि ओराला तो मिळाला नाही.

१९३८च्या सुमारास ओरानं एकेरीतून निवृत्ती घेतली. तेव्हा डेट्रॉइटची फ्लोरा लोमॅक्स ही नवी विजेती पुढे आली होती. नीटनेटकी, फॅशनेबल, वर्तमानपत्रांची लाडकी. लोक कुजबुजायला लागले की ओरा तिला घाबरून बाजूला झाली. ओरानं उत्तर तोंडानं दिलं नाही. १९३९ साली बफेलोच्या स्पर्धेत उतरली, लोमॅक्सला हरवलं आणि पुन्हा आपल्या निवृत्तीत परत गेली! तेव्हा ती चाळिशीची होती. आपल्यातल्या कितीजणी चाळिशीत गुडघे दुखतात म्हणून जिना चढायचा टाळतो?

१९४७ साली, पन्नाशीला टेकलेली ओरा मिश्र दुहेरीत जॉर्ज स्टुअर्टबरोबर शेवटचं विजेतेपद जिंकली. समोर होते डॉ. वॉल्टर जॉन्सन आणि त्यांच्याबरोबर विशीतली एक उंच पोरगी, अल्थिया गिब्सन. तीन वर्षांनी, १९५० साली, गोऱ्यांच्या राष्ट्रीय स्पर्धेचं दार पहिल्यांदा उघडलं ते याच अल्थियासाठी. १९५७ आणि १९५८ साली ती विम्बल्डन जिंकली. खुद्द राणी एलिझाबेथच्या हस्ते चषक घेतला, न्यूयॉर्कमध्ये तिची मिरवणूक निघाली. तेव्हा ओरा जर्मनटाउनमध्येच होती, साठीकडे झुकलेली. दार उघडायला उशीर झाला, एवढाच तिचा दोष.

मागे राहिलेली माणसं

ओरानं लग्न केलं नाही. पण ती एकटी नव्हती. आयुष्यभर साठवलेल्या पैशांतून तिनं जर्मनटाउनमध्ये स्वतःची इमारत घेतली. घरकाम करणाऱ्या बाईनं इमारत घेतली, हे वाचून मी दोनदा खात्री केली! भाचे-भाच्या आणि नातेवाइकांना तिचा आधार होता. मोकळा वेळ मिळाला की सार्वजनिक मैदानावर जाऊन ती वस्तीतल्या मुलांना टेनिस शिकवायची. एक पैसा न घेता.

१९७१च्या डिसेंबरमध्ये ती वारली. मोठ्या वर्तमानपत्रांनी दखल घेतली नाही. आणि मग १९७६ साली काळ्या खेळाडूंच्या एका सन्मान-संस्थेनं तिला आपल्या यादीत घेतलं. संयोजकांना वाटत होतं, बाई येतील. ती जाऊन चार वर्षांहून अधिक काळ झाला होता आणि ते त्यांच्या गावीही नव्हतं!

मैत्रिणींनो, इथे मला फार गलबलून आलं. जन्माची नोंद नाही आणि मरणाची बातमी नाही. मधली तेवीस विजेतेपदं जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यांत पडून राहिली.

ती बाहेर निघाली कशी, तेही ऐका. अल्थियाचे गुरू डॉ. जॉन्सन यांनी पुढे आणखी एका मुलाला घडवलं, आर्थर ॲश. हा ॲश १९७५ साली विम्बल्डन जिंकला. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्या आधीच्या काळ्या खेळाडूंचा इतिहास नीट कोणी लिहिलेलाच नाही. म्हणून त्यानं माणसं कामाला लावून, स्वतःचे पैसे घालून माहिती जमवली आणि १९८८ साली मोठा ग्रंथ काढला. त्यात ओराचं नाव मानानं आलं. पुढे इतर अभ्यासकही तिच्या मागावर निघाले. २००४ साली जर्मनटाउनमध्ये तिच्या नावाचा सरकारी फलक लागला. २००९ साली महिला बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये तिला स्थान मिळालं. आणि २०१८ साली, जिथे हा खेळ जन्मला त्या स्प्रिंगफील्डच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये. जाऊन सेहेचाळीस वर्षं उलटल्यावर!

ती विसरली का गेली, याची कारणं आता दिसतात. वर्ण हे तर पहिलं. पण तेवढंच नाही. काळ्या समाजातही शिकलेल्या, टापटिपीच्या, भाषण देऊ शकणाऱ्या खेळाडूंचं कौतुक जास्त टिकलं. ओरा कमी बोलायची, कामाच्या कपड्यांत असायची. तिनं स्वतःबद्दल पुस्तक लिहिलं नाही आणि तिच्याकडून लिहून घ्यायला कोणी बसलं नाही. ‘कामवालीच ती’ असं म्हटलं की पुढचं विचारायचं राहूनच जातं.

आपल्या गावातही अशा बाया आहेत. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेली, मग सतराव्या वर्षी लग्न झालेली. कबड्डीत अख्ख्या तालुक्याला माहीत असलेली आणि आता शाळेत खिचडी शिजवणारी. त्यांची मुलंसुद्धा त्यांना खेळाडू म्हणून ओळखत नाहीत. मी आमच्या महिला मंडळात एक ठरवलंय. येत्या दिवाळीआधी गावातल्या अशा किमान दहा जणींना भेटायचं. कोणत्या साली, कुठल्या मैदानावर, कोणाविरुद्ध खेळल्या, ते वहीत लिहून घ्यायचं. जुना फोटो मिळाला तर त्याच्या मागे नावं आणि साल टाकायचं. त्याला काही खर्च नाही. एक वही, एक पेन आणि दुपारचा तास-दीड तास पुरतो.

तुम्हीही करून बघा. सुरुवात घरापासून केली तरी चालेल. तुमच्या सासूबाईंना विचारलंय कधी, त्या शाळेत असताना काय खेळायच्या?